निर्मळ पात्रातले दुखणे

संपादकमहाशयांचे पत्र आले, तेव्हा मी त्यांना कळवले की मजपाशी चमत्काराच्या कथा नाहीत. सर्व डॉक्टरांनी हात टेकलेला रोगी माझ्या एका पुडीने उठून बसला, असे सांगणारे वैद्य आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. दिवाळी अंकास ते अधिक शोभतील. मजपाशी आहे ते मूत्राशयाचे जुनाट दुखणे. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचल्या जाणाऱ्या अंकात हा विषय बरा दिसेल काय, असेही मी विचारले होते. त्यांनी उलट टपाली 'अवश्य लिहा' असे कळवले. बहुधा माझे पत्र त्यांनी पुरते वाचले नसावे. तरीही लिहितो, कारण या व्याधीचे बरेचसे बळ तिच्याविषयी कोणी बोलत नाही यातच आहे, आणि न बोलणाऱ्यांत मीही एक होतो.

सन साठच्या सुमारास मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत दवाखाना थाटला आणि पुढची पंचवीसेक वर्षे तिथेच बसलो. पुढे एक खोली, मागे औषधे कुटण्याची पडवी, मध्ये हिरवा पडदा. पाठशाळेत व्याकरण आणि वैद्यक शिकून आलेला मी; संध्या आणि देवपूजा झाल्यावाचून कोणाच्या नाडीला बोट लावीत नसे. लोकांना हे ठाऊक होते, ते मला बुवाच म्हणत, आणि माझ्या औषधापेक्षा माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास अधिक होता. पूजा करणारा मनुष्य खोटे बोलणार नाही, असा त्यामागचा हिशेब. मी खोटे कधी बोललोही नाही. परंतु खोटे न बोलणे आणि खरे जाणणे या दोहोंत किती अंतर आहे, हे मला फार उशिरा उमगले.

लघवीची तक्रार तेव्हा कोणी सरळ सांगत नसे. पुरुष 'उन्हाळी लागलीया' म्हणत, आणि ते ऐन थंडीतही म्हणत. स्त्रिया तेवढेही म्हणत नसत. सासू, आई किंवा नवरा सोबत येई, 'हिला तसलं हाय' एवढे सांगे, आणि रुग्ण स्त्री भिंतीकडे पाहात बसे. मी प्रश्न सोबतच्या माणसाला विचारी, उत्तर त्याचे ऐके, आणि नाडी तेवढी तिची पाही. ही त्या काळची रीत होती. मी तिला मर्यादा समजत असे.

वाचकांसाठी थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. मूत्राशय म्हणजे पखालीसारखी एक लवचिक पिशवी. ती सावकाश भरते, ताणली जाते, आणि निरोगी माणसाला तीन-चार तास तिची आठवणही होत नाही. तिच्या आतल्या अस्तराला सूज आली म्हणजे मात्र भाजलेल्या कातडीवर खरखरीत वस्त्र ओढावे तसे आत साचणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर होऊ लागते. ही सूज दोन तऱ्हांची असते. एकीत जंतूंचा शिरकाव असतो. ताप येतो, मूत्र गढूळ होते, तपासणीत पू दिसतो, आणि योग्य औषधाने ती बहुधा हटते. दुसरी विचित्र आहे. तिच्यात मूत्र निर्मळ असते, ताप नसतो, तपासणीचा कागद कोरा येतो, आणि मनुष्य मात्र दिवसातून वीस-पंचवीस वेळा उठतो, कण्हतो, पुन्हा बसतो. हे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालते. या दुसरीला त्या काळी मी ओळखत नव्हतो.

मी ओळखत होतो ती तैलबिंदूची परीक्षा. ही आमची जुनी विद्या. पहाटेचे मूत्र काचेच्या पसरट पात्रात स्थिर ठेवायचे आणि गवताच्या काडीने तिळाच्या तेलाचा एक थेंब त्यावर अलगद सोडायचा. थेंब त्वरेने पसरला तर रोग साध्य; जागीच राहिला तर कष्टसाध्य; बुडाला तर वैद्याने हात जोडावेत. थेंब कोणत्या दिशेला सरकतो, कोणता आकार धरतो, यावरूनही अनुमाने निघतात. कोल्हापुरात ही परीक्षा करणारे वैद्य तेव्हा मोजकेच उरले होते. मला त्या पात्राचा गर्व होता. ते मी स्वतः घासून ठेवी, दुसऱ्या कोणास हात लावू देत नसे.

उचगावच्या चंपाक्का आपल्या सुनेला घेऊन आल्या, त्या या पात्राची ख्याती ऐकूनच. जैन शेतकरी घराणे. घरात धर्म कडक आणि माणसे सरळ. चंपाक्का स्वतः सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब न घेणाऱ्या. सून राजमती वीस-बावीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षे झालेली. तिने लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढला होता आणि दोन्ही हात ओटीपोटावर दाबून धरले होते. ते हात मी पाहिले. पाहिले आणि सोडून दिले.

चंपाक्कांनी जे सांगितले ते असे. सून सारखी मोरीकडे धावते. स्वयंपाक सोवळ्यात असतो. एकदा उठली की हातपाय धुणे, वस्त्र बदलणे आले, म्हणून चूल अर्धी राहते. शेतात भांगलणीला, तण काढायला, गेली की पातीवरून उठून बांधाआड जाते, आणि बायका हसतात. राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे दोनदा लघवी तपासली. काही निघाले नाही. हे सारे त्यांनी सोसले होते. परंतु त्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. महाराज दिवसातून एकदाच आहाराला निघतात. ज्यांनी शुद्धतेने आहार सिद्ध केला आहे ते दारात कलश घेऊन उभे राहतात, आणि महाराज कोणापुढे थांबतील ते कोणालाच ठाऊक नसते. चंपाक्कांच्या दारी ते थांबण्याच्या बेतात होते. पावले मंदावली होती. तेवढ्यात राजमती हातातला कलश सासूच्या हाती कोंबून आत पळाली. महाराज पुढच्या घरी गेले.

हे सांगताना त्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. आणि मी, ज्याने आपल्या देवापुढे तास तास आसन न मोडता बसण्यात आयुष्याचे सार्थक मानले, त्याच क्षणी मनाने त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. रुग्ण समोर होता आणि मी वादीचे ऐकून निवाडा ठरवून टाकला होता.

प्रश्न एवढाच होता, आणि चंपाक्कांनी तो आडपडदा न ठेवता मांडला. रोग असेल तर औषध करू, हवे तितके दिवस करू. रोग नसेल तर हे सोंग आहे, आणि सोंग करणारी सून त्यांना नांदवायची नव्हती. निर्णय माझ्या शब्दावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटेची बाटली आणली. मी पात्र मांडले, थेंब सोडला. तो क्षणार्धात पसरला, वाटोळा, पौर्णिमेच्या चंद्रासारखा. मूत्र ओढ्याच्या उगमासारखे निर्मळ. मला त्या वेळी केवढे समाधान वाटले होते, ते आज आठवले की लाज वाटते. मी म्हणालो, "मूत्रात दोष नाही."

चंपाक्का म्हणाल्या, "म्हंजे रोग न्हाय म्हणायचं?"

एवढ्यात राजमती प्रथमच बोलली. भिंतीकडे पाहातच बोलली. "भराय लागलं की दुखतंय. रिकामं झालं की थांबतंय."

"गप बस. बुवा बोलत्यात न्हवं."

बुवा बोलले. "रोग नाही. मनोनिग्रह कमी पडतो. वेग थोडा आवरायला शिकावे." हे मी म्हणालो. मूत्राचा वेग कधी अडवू नये, हा पाठ मी वयाच्या नवव्या वर्षी तोंडपाठ केलेला होता आणि पुढे इतरांना शिकवलाही होता. तरीही म्हणालो.

आठवड्याने उचगावहून गुळाची एक ढेप आली. सोबत निरोप होता की बुवांच्या शब्दाने सोक्षमोक्ष लागला. काय लागला, हे मी विचारले नाही. त्या गुळाचा नैवेद्य मी देवाला दाखवला.

पावणेदोन वर्षे गेली. आमच्याच पेठेत इस्माईलभाई म्हणून घड्याळजी होते. भिंगाची नळी डोळ्याला लावून दिवसभर ओणवे बसणारे, जिभेचे तिखट आणि मनाचे स्वच्छ गृहस्थ. एके दुपारी ते आले आणि बाकावर न बसता माझ्यासमोरच बसले.

"बुवा, दर चाळीस मिनटाला उठतोय. गिऱ्हाईक म्हणतंय, इस्माईलभाई, दुकान हितं हाय का मोरीत?"

तपासणीचा कागद त्यांनी आणला होता, कोरा. मी पात्र मांडले. थेंब पसरला, वाटोळा. मी सवयीने म्हणालो, "मूत्र निर्मळ आहे."

ते उठले नाहीत. म्हणाले, "काच साफ दिसती म्हणून घड्याळ बरं हाय, असं मी गिऱ्हाइकाला सांगिटलं, तर ते परत माझी पायरी चढंल का? उघडून बघाय लागतंय. उघडाय येत नसंल तर कान लावून ऐकाय लागतंय."

"मग सांगा, काय ऐकू?"

"काय न्हाय वो. भराय लागलं की दुखतंय, रिकामं झालं की थांबतंय. येवढंच."

गवताची काडी मी बाजूला ठेवली. शब्द तेच होते, क्रमही तोच. एक उचगावची सून, एक पेठेतला घड्याळजी. दोघांनी एकमेकांस कधी पाहिले नव्हते. दोन अनोळखी माणसे एकच सोंग एकाच शब्दांत कशी करतील? त्या दिवशी मी पुढचे रोगी परत पाठवले.

इस्माईलभाईंचे म्हणणे मी खरे मानले, कारण ते पुरुष होते, माझ्या डोळ्यांत पाहून बोलत होते, आणि त्यांच्यासाठी दुसरे कोणी बोलत नव्हते. यापलीकडे दुसरे कारण मला सापडत नाही.

त्यांच्यावर जे केले ते पुढे मी अनेकांवर केले, म्हणून थोडक्यात सांगतो. धण्याचे आणि जवाचे पाणी, गोखरूचा काढा, हे होतेच. पण खरा गुण त्याहून साध्या गोष्टींनी आला. पाणी तोडायचे नाही आणि तांब्याभर एकदम ढोसायचेही नाही. दिवसभर थोडे थोडे घ्यायचे. दोन्ही वेळा घंगाळात कोमट पाणी घेऊन कमरेपर्यंत बसायचे. विजारीची नाडी, पट्टा सैल ठेवायचा. कुंथायचे नाही. पोट साफ ठेवायचे. लाल तिखट, चिंच आणि चहा बंद. या शेवटच्या वाक्यावर इस्माईलभाई म्हणाले, "कोल्हापुरात ऱ्हाऊन तांबड्या रश्श्याला न्हाय म्हणायचं, म्हंजे गाव सोडल्यागतच झालं की." मी शाकाहारी मनुष्य, त्यांच्या दुःखाची खोली मला मोजता येईना.

एक गोष्ट मात्र त्यांनी मला शिकवली. त्यांनी एक वही केली आणि प्रत्येक वेळेची नोंद घड्याळ पाहून मांडली. नोंदी पाहून ते म्हणाले की मागे पडणाऱ्या घड्याळाचा काटा कोणी एकदम ढकलत नाही. रोज किंचित सरकवतात. चाळीस मिनिटांची त्यांनी पंचेचाळीस केली. तेवढे अंगवळणी पडले की पन्नास. वेदना वाढली की एक पायरी मागे, दोन आठवडे तिथेच, मग पुन्हा पुढे. वेग दडपणे निराळे आणि मूत्राशयाला सावकाश धीर देणे निराळे, हा भेद मला ग्रंथांनी नव्हे, त्या वहीने दाखवला. नऊ महिन्यांनी ते दोन तास दुकानात बसू लागले. बरे झाले असे मी म्हणणार नाही. थंडीत, काळजीत आणि रोज्यांच्या महिन्यात दुखणे उलटत असे. रोजे सोडा असे सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. ते त्यांनी आपल्या मौलवींना विचारून ठरवले. राजारामपुरीतल्या डॉक्टरांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले की अशी व्याधी आहे. दुर्बिणीने आत पाहिले तर काहींच्या अस्तरावर बारीक रक्ताचे ठिपके दिसतात, काहींच्या तेही नाही, आणि ती मुळापासून उपटणारे औषध त्यांच्याकडेही नाही.

हे ऐकल्यावर मी एसटीने उचगावला गेलो.

चंपाक्का घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडीत होत्या. घरात पाळणा बांधलेला होता आणि तो हलवणारी सून राजमती नव्हती. पंचांपुढे सोडचिठ्ठी होऊन वर्ष उलटले होते. मी जे सांगायचे ते सारे सांगितले. चूक माझी, तिची नव्हे, रोग होता. त्यांनी ऐकून घेतले. शेंगा फोडणारे हात थांबले नाहीत.

"तुमच्या शब्दावर धाडली, बुवा," त्या म्हणाल्या. "आता कुणाच्या शब्दावर आणू?"

त्यांच्या सुरात राग असता तर बरे झाले असते. उठताना त्यांनी मला राजमतीच्या माहेरचे गाव सांगितले, आणि एवढेच म्हणाल्या, की पोरगी कामाला वाईट नव्हती.

राजमतीचे पुढे काय झाले, ते आधीच सांगून टाकतो. ती सासरी गेली नाही. जाण्यासारखे सासर उरले नव्हते. भावाच्या घरी राहिली, शिवणकाम शिकली. मी सांगितलेले तिने सारे केले आणि वहीही ठेवली. दोन वर्षांनी ती सलग दीड तास मशीनवर बसू शकत होती. त्यापुढे काटा कधी सरकला नाही. चारसहा महिन्यांनी पोस्टकार्ड येई. त्यात आकडेच अधिक असत. दुखणे राहिलेच. पण मला लिहायचे आहे ते पहिल्या दुपारविषयी.

तिचे माहेर म्हणजे कागलच्या पुढे, सीमेलगतचे गाव. भाऊ शेतावर गेलेला. भावजयीने मला घोंगडे टाकून बसायला सांगितले आणि मी कशाला आलो ते कळताच म्हणाली, "वन्संना कामाचं नाव काढलं की हुतंय ते. तुमीच सांगिटलासा न्हवं, रोग न्हाय म्हणून?" राजमती मागल्या दाराशी राहात होती, तिचे अंथरूण तिथेच होते, उठणे सोपे जावे म्हणून. ती खंगली होती. उठावे लागू नये यासाठी तिने पाणी पिणे जवळजवळ सोडले होते, आणि त्यामुळे दाह दुणावला होता. हा उपाय तिला कोणी सांगितला, असे मी विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. वेग आवरायला शिकावे, असे सांगणारा मीच होतो.

मी प्रथमच तिला नावाने हाक मारली आणि प्रथमच तिलाच विचारले. किती वेळा, कोठे, कशाने वाढते, कशाने शमते. तिने प्रत्येक गोष्ट न चाचरता सांगितली. अडीच वर्षांपूर्वीही सांगितली असती. मग मी घंगाळ, जव, तिखट, वही, सारे समजावले. ती ऐकत होती, मध्ये दोनदा उठून गेली, आणि दोन्ही वेळा परत येऊन तिथेच बसली.

"ह्यानं बरं हुतंय?"

"पुरते बरे होईल असे म्हणत नाही. कमी होईल."

"मग औषध मागनं बघू. आधी कागद द्या."

"कसला कागद?"

"रोग हाय म्हणून. तुमचं 'न्हाय' तुमच्या आधी ह्या गावात आलंय. ते माघारी लावायचं तर कागद लागंल."

पिशवीतून कागद काढून मी लिहिले की या बाईंना मूत्राशयाचा जीर्ण दाह ही व्याधी आहे. खाली तारीख घातली. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. बोट ठेवून वाचले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"तारीख आजची हाय. म्हणतील, हितं आल्यावर झालं. त्या दिवसाची घाला."

खोटी तारीख मी आयुष्यात कधी लिहिली नव्हती. लेखणी हातात धरून मी बसलो. त्या दिवसाची तारीख घालणे असत्य होते. आणि त्या दिवशी व्याधी होती हे सत्य होते. तिला न ओळखणारा मी होतो, हेही सत्य होते, आणि ते कोठेच लिहिलेले नव्हते. आजच्या तारखेच्या वर मी आणखी लिहिले: 'अडीच वर्षांपूर्वी सासूबाईंसमक्ष मी यांना तपासले. तेव्हाही ही व्याधी होती. मला ओळखता आली नाही.' कागद संपत आला होता, म्हणून शेवटची ओळ कडेला दाटीने बसवावी लागली.

राजमतीने पुन्हा बोट ठेवून वाचले. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबले. दारात भावजय उभी होती.

"ही वळ बारीक झालीया," राजमती म्हणाली. "मोठी लिवा की."

मी दुसरा कागद घेतला, आणि शेवटच्या ओळीपासून लिहायला सुरुवात केली.